कोर्ट नदीपार

दक्षिणेचा वारा सुटला त्याच सकाळी हायरम डॉब्स हाल्वर नेसेटच्या दारात येऊन उभा राहिला. हाल्वरच्या बायकोला, गुरीला, दोन्ही गोष्टी आवडल्या नाहीत. ऐन फेब्रुवारीत वळचणीचं बर्फ टपटपायला लागलं होतं, कोंबड्या बाहेर येऊन भिंतीशी उन्हं खात होत्या, आणि डॉब्स हसत होता. तो नदीपलीकडच्या बेंडरचा. काउंटीचा कमिशनर झाल्यापासून तो कुणाच्या दारात फुकट हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"कॉफी आहे का, बाई?" म्हणत तो चुलीजवळ बसला. बुटांना लागलेला चिखल गुरीच्या घासलेल्या फरशीवर वितळू लागला. "हाल्वर, तुझी घोडी पाहिजेत. इमारत न्यायची आहे."

"कुठली इमारत?" हाल्वरने विचारलं. त्याला ठाऊक होतं, पण सरळ उत्तर दिलं तर आपण कामाला होकार दिल्यासारखं होईल असं त्याला वाटलं.

"कोर्टाची. आणखी कुठली? निवडणूक झाली, मतं मोजली. कोर्ट आता बेंडरचं."

"मोजली म्हणे," गुरी पाठमोरीच म्हणाली. "रेल्वेचे मजूर दोन दोनदा येऊन मत टाकून गेले. तीही दोन दोनदा मोजली असतील."

डॉब्सने ते ऐकलंच नाही. रेल्वे नदीच्या पलीकडच्या काठाने गेली तेव्हाच अलीकडच्या लार्कस्पर गावाचं भवितव्य ठरलं होतं. दुकानं गेली, लोहार गेला, पाद्रीसुद्धा गेला. उरलं होतं ते कोर्ट. आता तेही ओंडक्यांवर चढवून गोठलेल्या विलो नदीवरून ओढून न्यायचं होतं. आमच्या भागात गावं अशीच हलायची, त्यात नवल कुणाला वाटत नसे. लार्कस्परवाले मात्र राजधानीच्या कोर्टात गेले होते आणि मनाई हुकूम निघाला आहे अशी बातमी होती. हुकूम घेऊन येणारा माणूस उद्याच्या गाडीने उतरणार होता.

"म्हणून आजच," डॉब्स म्हणाला.

"वारा बघितलात का, डॉब्ससाहेब?" हाल्वर म्हणाला. "बर्फ नासलंय. गारठा परत येईपर्यंत थांबा."

"आज नाही तर कधीच नाही."

"त्या इमारतीत माझा मुलगा आहे."

डॉब्सने कप खाली ठेवला. "आहे ना. म्हणून तर तुझ्याकडे आलो. बेंडरमध्येही घोडी आहेत, हाल्वर. पण म्हटलं, पोरगा आत असताना लगाम दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायचा?"

 मग हाल्वरने खुंटीवरचा कोट काढला. गुरीने पाव फडक्यात बांधला, वर खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा ठेवला आणि आपली लोकरीची शाल खांद्यावर घेतली.

"मीही येते," ती म्हणाली. "मला त्याला बघायचंय."

आस्लाक त्यांचा एकुलता एक मुलगा. गवताच्या हंगामात क्लीव्ह मॅब्री नावाचा बेंडरचा एक माणूस त्यांच्या कुरणात खुंट्या ठोकून बसला आणि ही जमीन आपल्या नावावर आहे म्हणाला. शब्दाला शब्द लागला. मॅब्रीने पिस्तूल काढलं, आस्लाकच्या हातात गवत उचलायचा लांब दांड्याचा काटा होता. मॅब्रीचा एक डोळा गेला. पिस्तूल आधी निघालं हे शेजारच्या टोर्गर टोफ्टने आपल्या शेतातून स्वच्छ पाहिलं होतं. टोर्गर चर्चबाहेरसुद्धा खोटं बोलायला घाबरणारा माणूस. वसंतात खटला उभा राहील, लार्कस्परचेच शेजारी ज्युरीत बसतील, टोर्गर साक्ष देईल आणि पोरगा घरी येईल, या एका आशेवर नेसेटांच्या घरी हिवाळा निघाला होता.

ते लार्कस्परला पोचले तेव्हा इमारत पायावरून उचलून झाली होती. कॉटनवूडच्या दोन अवाढव्य ओंडक्यांवर ती बसली होती. ओंडक्यांच्या पोटाला लोखंडी पट्ट्या होत्या. दोन मजले, पांढरा रंग, छपरावर घंटेचा छोटा घुमट, आणि पुढे चार खांब. कमिशनरांना राजधानीसारखे दगडी खांब हवे होते आणि काउंटीत दगड नव्हता. तेव्हा हाल्वरनेच पाइनच्या फळ्या वाकवून, तासून, गोल खांब करून दिले होते. आतून पोकळ. उन्हाळ्यात त्यांत मधमाश्या बसायच्या आणि वकील लोक चावून घ्यायचे.

सगळी इमारतच त्याच्या हातची होती. घराघराने एकेक तुळई दिली होती, पण बसवली त्याने. सगळ्यांत आधी आला होता तो कैद्याचा लोखंडी पिंजरा. बैलगाडीतून आलेला तो पिंजरा कुठल्याच दारातून जाईना, म्हणून पिंजरा मध्ये ठेवून भोवती कोर्ट उभारलं. खालच्या तुळयांतून खिळे आरपार घालून त्यांची तोंडं हाल्वरने घणाने चेपून टाकली होती आणि सगळ्यांसमोर म्हणाला होता, आता हा निघणार नाही, निघालाच तर घराबरोबर निघेल. तेव्हा लोकांनी टाळ्या दिल्या होत्या.

पिंजऱ्यात आस्लाक ब्लँकेट पांघरून बसला होता. त्याची दाढी वाढली होती. गजांतून गुरीने पाव दिला, मग शाल दिली. पोराने शाल हातात घेतली आणि नुसती धरून ठेवली.

"बाबा, मला घेऊन नदीवर जाणार म्हणे," तो म्हणाला. "खरं का?"

"मी ओढतोय," हाल्वर म्हणाला. "माझीच घोडी आहेत."

"मग ठीक आहे." पोरगा हसायला गेला. "ब्रोना घोडीला सांग, आत मी आहे म्हणून. तिला माझं वजन पाठ आहे."

दारात शेरिफ प्रूइट उभा होता. वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त स्वतःचं मत नव्हतं.

"शेरिफसाहेब," हाल्वरने टोपी काढली. "नदी ओलांडेपर्यंत तरी याला बाहेर काढा. बेड्या घाला. माझ्या हाताला बांधा हवं तर."

"काढलं आणि तुमच्या लार्कस्परवाल्यांनी पळवलं तर?"

"मग कुलूप तरी उघडं ठेवा. नुसतं कुलूप. बाहेरचं दार लावून घ्या."

प्रूइटने खिशातली किल्ली चाचपली. "जज्जसाहेबांचा हुकूम आहे. कोर्टाचं जे जे आहे ते आहे तसं न्यायचं. शेगडी, झेंडा, कैदी. पलीकडे पोचलं की बघू."

हाल्वर तिथे टोपी हातात धरून आणखी थोडा वेळ उभा राहिला. बेंडरचे दोन गडी दोरखंड घेऊन आत आले आणि त्याला म्हणाले, म्हातारबा, वाटेतून सरका. तो सरकला.

दुपारच्या आत घोडी जुंपली. बेंडरच्या जोड्या पुढे, हाल्वरची ब्रोना आणि स्वार्ता इमारतीच्या सगळ्यांत जवळ. कारण इमारत कुठे करकरते आणि का करकरते हे त्यालाच कळत होतं. डॉब्सने हात खाली केला, दोर ताणले गेले, आणि कोर्ट हललं. वरची घंटा आपोआप एकदा वाजली. गोठलेल्या जमिनीपासून ओंडके सुटले तेव्हा असा आवाज झाला की पुढच्या जोडीतला एक घोडा मागच्या पायांवर उभा राहिला.

लार्कस्परचे लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होते. पुरुष गप्प होते, बायका मात्र गप्प नव्हत्या. "हाल्वर नेसेट," टोर्गरची बायको म्हणाली, "स्वतःच्या गावाची तिरडी ओढायला बरा मिळालास त्यांना." दुसरी म्हणाली, "मजुरी काय ठरली रे? व्हिस्की की शाबासकी?" एकीने बर्फाचा चिखल उचलून फेकला, तो त्याच्या मानेवर फुटला आणि कॉलरीतून पाठीत उतरला. त्याने पुसला नाही. हात लगामावर होते आणि लगाम सोडायचा नव्हता. गुरी इमारतीच्या मागून चालत होती. तिला कुणी काही बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

माळावरून इमारत सरकत राहिली. चढ आला की घोड्यांच्या तोंडाला फेस यायचा, उतार आला की गडी मागून दोर धरून लोंबकळायचे. वारा अंगाला कोमट लागत होता. हाल्वरचे खांदे भरून आले, बोटं लगामाभोवती वाकडी झाली ती सरळ होईनात. मधूनच तो मागे कान द्यायचा. आत पोरगा खोकला की त्याला बरं वाटायचं.

नदीवर बेंडरवाल्यांनी बर्फाचा रस्ता केला होता. बर्फावर गवताचा पेंढा पसरायचा, वर पाणी ओतायचं, ते गोठलं की पुन्हा पेंढा, पुन्हा पाणी. कडाक्याची थंडी असेल तर त्यावरून रेल्वेचं इंजिनही जाईल. पण आता रस्त्यावर पाण्याचा पातळ थर चमकत होता आणि पेंढा पिवळा, सुटासुटा दिसत होता. हाल्वर मध्यापर्यंत चालत गेला. सुताराच्या सामत्याने भोक पाडून पाहिलं. वरचं बर्फ दळलेल्या पिठासारखं भुसभुशीत निघालं, खालचं घट्ट होतं, पण हवं तेवढं नव्हतं.

"काय म्हणतंय?" डॉब्सने काठावरून विचारलं.

"थांबा म्हणतंय."

"ते सोडून दुसरं काय म्हणतंय?"

हाल्वर परत आला. "मध्ये थांबायचं नाही. चालतं ओझं बर्फ सोसतं, उभं ओझं सोसत नाही. एकदा उतरलो की पलीकडे चढेपर्यंत कुणी घोडं थांबवायचं नाही. काहीही झालं तरी."

दोर लांब केले. सगळ्या जोड्या आधी पलीकडच्या काठावर पोचवायच्या, मगच इमारत बर्फावर घ्यायची असं ठरलं. जज्ज टिल्सन आपल्या घसरगाडीतून आधीच पार होऊन तिकडे पाइप ओढत बसला होता. शेरिफ प्रूइटही इमारतीतून उतरला आणि बर्फावरून पायी पुढे निघाला. किल्ली त्याच्या खिशात होती. गुरी त्याच्यामागे जायला लागली तर त्याने तिला अडवलं.

"तुम्ही इकडेच थांबा, बाई. इमारत गेली की या मागून."

ती थांबली. टोर्गर, त्याची बायको आणि गावातले आणखी काही जण तिच्या मागे काठावर येऊन उभे राहिले.

इमारत बर्फावर उतरली तेव्हा नदी कण्हली. लांब, खालून, वरच्या वळणापासून खालच्या वळणापर्यंत. पलीकडच्या काठावर घोडी ओढत होती. हाल्वर उलटा चालत होता, लगाम पाठीमागून घेऊन, डोळे इमारतीवर. चार पांढरे खांब त्याच्या दिशेने येत होते. मध्यापर्यंत सगळं बरं चाललं. मग पुढे डॉब्सच्या स्वतःच्या जोडीतला घोडा गुडघ्यावर बसला, त्याच्यामागची जोडी त्याच्यावर गेली, दोर सैल पडला आणि इमारत थांबली.

बर्फ वाकलं. ते सगळ्यांना दिसलं. ओंडक्यांच्या दोन्ही बाजूंनी पाणी वर आलं आणि पेंढा तरंगायला लागला.

"तोडा!" डॉब्स ओरडला. "दोर तोडा, नाहीतर घोडी जातील."

अशा वेळी दोर तोडायचा, हाच रिवाज. त्यासाठीच प्रत्येकाच्या कमरेला कुऱ्हाड होती. डॉब्सच्या माणसांनी तोडला. त्यांच्यामागच्यांनी तोडला. हाल्वरने कुऱ्हाड कमरेतून काढली आणि नदीत फेकली. मग तो वळला, घोड्यांच्या डोक्यांमध्ये शिरला, दोघींची तोंडं हातांत धरली आणि त्यांच्याशी बोलायला लागला. ओरडला नाही. बापाने पोराला झोपवताना बोलावं तसं बोलला. ब्रोनाचे मागचे पाय मांड्यांपर्यंत थरथरत होते. स्वार्ताच्या नाकातून रक्ताचा धागा निघाला. ज्यांनी अजून दोर तोडला नव्हता अशा दोघांनी ते पाहिलं आणि त्यांनीही आपली घोडी पुढे हाकली. इमारतीतून आस्लाकचा आवाज आला, "बाबा, पाणी आत आलंय." एवढंच. 

इमारत आधी बोटभर हलली. मग हातभर. मग ओंडक्यांची टोकं काठाच्या चिखलात रुतली आणि करकरत वर चढली. चौथा खांब निखळून पाण्यात पडला. त्याच क्षणी मागे पेंढ्याचा सगळा रस्ता तोफ उडावी तसा फुटला. बर्फाच्या लाद्या उभ्या राहिल्या, उलटल्या आणि खालच्या अंगाला निघाल्या. पोकळ खांब त्यांच्यामधून तरंगत गेला. मागे लार्कस्परच्या काठावर गुरी होती आणि आता मध्ये काळं पाणी होतं.

हाल्वर चिखलात बसला. त्याच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की त्याला खोकला आला. ज्यांनी त्याला म्हातारबा म्हटलं होतं त्यांनी बाटली त्याच्या तोंडाला लावली. "जोडी असावी तर अशी," डॉब्स म्हणाला. "आणि माणूसही." हाल्वरने इतकंच विचारलं, पोरगा कसा आहे. घोट्यापर्यंत भिजलाय, बाकी ठीक आहे, असं प्रूइट म्हणाला. हाल्वरला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. वाचलो असं त्याला वाटलं. आमच्यापैकी कुणालाही तसंच वाटलं असतं.

तेवढ्यात जज्ज टिल्सन पाइप झाडत उठला. किडकिडीत माणूस, आवाज गोड.

"डॉब्स," तो म्हणाला, "इमारत आली म्हणजे कोर्ट आलं असं नाही. कायद्याने कोर्ट तिथेच असतं जिथे ते शेवटचं बसलं. ते अजून लार्कस्परला आहे. उद्या हुकूम येईल, त्याच्या आत ते इथे एकदा बसलं पाहिजे. नुसतं बसून भागणार नाही. एखादा खटला चालवून निकाल द्यायला हवा."

"खटला आता कुठून आणायचा?"

जज्जने इमारतीकडे पाहिलं. डॉब्सनेही पाहिलं. मग हाल्वरला कळलं.

"जज्जसाहेब, तो खटला वसंतातला आहे," तो उठत म्हणाला. "वकील तिकडे आहे. साक्षीदार तिकडे आहे."

"कैदी इकडे आहे," जज्ज म्हणाला. "फिर्यादीही आहे. आणखी काय लागतं?"

वरच्या मजल्यावर कोर्ट बसलं. इमारत काठावर तिरपी होती, त्यामुळे जज्जची खुर्ची सारखी घसरत होती आणि एका गड्याने ती मागून धरली होती. ज्युरी तिथल्या तिथे निवडली. दोर ओढणारे, दोर तोडणारे, विजारी गुडघ्यापर्यंत ओल्या, तोंडाला व्हिस्कीचा वास. प्रमुख पंच डॉब्स. पुढच्या बाकावर काळी पट्टी लावून क्लीव्ह मॅब्री. त्याने आपली हकीकत सांगितली. सांगताना पंचांपैकी दोघांना तो नावाने हाक मारत होता.

आस्लाकला बाहेरच्या जिन्याने आणलं. शाल त्याच्या गळ्यात होती, बूट पचपच वाजत होते.

"काही म्हणायचंय?" जज्जने विचारलं.

"त्याने आधी पिस्तूल काढलं."

"कुणी पाहिलं?"

"टोर्गर टोफ्टने."

"कुठे आहे तो?"

हाल्वर मागून उठला. त्याने बसवलेल्या त्या उंच खिडकीतून नदी दिसत होती, नदीपलीकडे माणसं दिसत होती. एक उंच माणूस दोन्ही हात वर करून हलवत होता.

"तो बघा, जज्जसाहेब. लाल टोपीवाला. तोच टोर्गर. दिसतोय की."

जज्जने खरंच वाकून पाहिलं. "दिसतोय," तो म्हणाला. "पण कोर्टाला साक्षीदार ऐकू यावा लागतो."

पंचांमध्ये हशा झाला. तो फार मोठा नव्हता. एकजण हसला नाही, त्याने खाली पाहिलं. दोर न तोडणाऱ्यांपैकी तो होता.

"गारठा येईल," हाल्वर म्हणाला. "आठवड्याभरात बर्फ धरेल. तेवढं थांबा. मी तुमचं कोर्ट आणलंय. मी आणलं नसतं तर आज ते नदीच्या तळाशी असतं."

"ते मला मान्य आहे," जज्ज म्हणाला आणि कारकुनाकडे वळला. "लिहून घ्या. हाल्वर नेसेट यांच्या हिमतीबद्दल हे कोर्ट त्यांचे जाहीर आभार मानतं. आता खाली बसा, नेसेट."

पंच बाहेर गेले ते जिन्यावरच उभे राहिले, थंडी वाजली म्हणून लगेच आत आले. दोषी. बारा वर्षं सक्तमजुरी. संध्याकाळच्या गाडीने रवानगी, कारण बेंडरमध्ये अजून कैद्याला ठेवायला जागा नव्हती आणि पिंजऱ्यात पाणी होतं. घंटा वाजवायला कुणीतरी वर गेलं. बेंडरचं कोर्ट बसलं हे सगळ्या माळाला कळलं.

खाली उतरल्यावर प्रूइट हाल्वरजवळ आला. त्याने किती तरी वेळ घसा साफ केला.

"स्टेशन मैलभर आहे. सगळ्यांची घोडी उधळलीत किंवा लंगडतायत. तुझीच तेवढी जुंपलेली आहेत." तो थांबला. "नको असेल तर मी त्याला चालवत नेतो."

"बूट ओले आहेत त्याचे," हाल्वर म्हणाला.

त्याने जज्जची घसरगाडी ब्रोनाला आणि स्वार्ताला जोडली. स्वार्ताच्या नाकावरचं रक्त वाळलं होतं, ते त्याने बाहीने पुसलं. आस्लाक मागे बसला, त्याच्याशेजारी प्रूइट. वाट नदीच्या काठाकाठाने जात होती. वारा पडला होता. पश्चिमेकडे आभाळ स्वच्छ होत होतं, म्हणजे गारठा येणार होता, उद्या किंवा परवा.

 मग आस्लाक मागून म्हणाला, "बाबा, जरा सावकाश हाक."

"का रे?"

"तिकडून आई चाललीये. आपल्याबरोबर चाललीये."

हाल्वरने पाहिलं. पलीकडच्या काठावरून एक बाई एकटीच चालत होती. शाल नव्हती तिच्या अंगावर. ती बर्फात अडखळत होती, पडत होती, उठून पुन्हा चालत होती, आणि घसरगाडीच्या पुढे जायला तिला जमत नव्हतं. आस्लाकने बेड्या घातलेले हात वर केले. तिनेही केले.

हाल्वरने लगाम ओढला. घोडी थांबली.

लांब स्टेशनच्या बाजूने गाडीची शिटी ऐकू आली. प्रूइटने घड्याळ काढलं. "नेसेट, गाडी चुकेल."

"घोडी दमलीत," हाल्वर म्हणाला, आणि लगाम मांडीवर ठेवून बसून राहिला.